झाकणाच्या आतला रंग

राजमती गेल्याचं अण्णासो मगदूमांना कळलं, तेव्हा त्यांच्या दोन हातांत पत्र्याचे दोन तुकडे होते. दोन्हींवर रंग मारून वाळवलेला होता आणि ते गॅरेजच्या दारात उभे राहून तुकडे उजेडाला धरून बघत होते. फोन खिशात वाजला. हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी तो वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा एक तुकडा काखेत दाबून त्यांनी फोन काढला. जयसिंगपूरहून साडूंचा होता. राजमती तिकडं धाकट्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेली होती आणि उन्हं कलायच्या आत परत येणार होती.

"दादा, तुम्ही या," साडू म्हणाले. "गाडी करून या. एसटीनं नको."

"काय झालं?"

साडूंच्या मागं बायकांचे आवाज येत होते. त्या आवाजांवरून अण्णासोंना कळायचं ते कळलं. तरी ते म्हणाले, "तिला सांगा, दोन्ही तुकडे वाळलेत. आली की बघायचेत."

त्या दिवसापासून ते दोन तुकडे तसेच आहेत.

सांगलीत माधवनगर रस्त्याला अण्णासोंचं गॅरेज. जुन्या गाड्यांना त्यांचा मूळचा रंग पुन्हा लावून द्यायचा, एवढंच काम. लोकांना वाटायचं, रंगाची पारख मगदूमांची. ते काही खोटं नव्हतं. गाडीवर चढलेले रंगांचे थर एकेक करून उतरवावेत, खालचा खरा रंग शोधावा, डबे उघडून तो नव्यानं मिसळावा, हे सगळं अण्णासोच करायचे. पण शेवटी दोन तुकडे समोर आले, आणि दोन्ही जवळजवळ सारखे दिसले, की त्यांची नजर थांबायची. लांबचे दोन रंग त्यांना कळायचे. जवळचे दोन राजमतीला कळायचे.

ती हरभट रोडवर एका मॅचिंग सेंटरात कामाला होती. लग्नाआधीही आणि नंतरही, गुडघे धरेपर्यंत. बायका साडी घेऊन यायच्या, ही त्यावर जाईल असा ब्लाऊजपीस काढून द्यायची. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडावर तिनं कधी विश्वास ठेवला नाही. कापड घेऊन ती पायरी उतरून रस्त्यावर जायची, गिऱ्हाईक मागं मागं. तीच सवय तिनं गाड्यांना लावली. गॅरेजात आली की म्हणायची, "आत काय दाखवताय, बाहेर आणा." बाहेर एकदा बघायची, मान तिरकी करून पुन्हा बघायची, आणि एका तुकड्यावर बोट ठेवायची. ते बोट कधी चुकलं नाही.

शेवटची गाडी शिकलगार वकिलांची. त्यांच्या वडिलांची जुनी फियाट. तिच्यावर आधी मरून, मग पांढरा, मग काळपट निळा असे रंग चढले होते. मूळचा रंग वकिलांना फिकट हिरवा आठवत होता. बेळगावची त्यांची बहीण फोनवर ठासून सांगत होती की गाडी निळसर होती, आणि तिच्यात बसून तिला उलटी व्हायची. तेव्हा दोघांना बाजूला ठेवून अण्णासोंनी गाडीलाच विचारायचं ठरवलं. बाहेरचा पत्रा उन्हानं आणि पॉलिशनं खाल्लेला. शेवटी डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण त्यांनी खोललं. झाकणाच्या आतल्या अंगाला कुणी कधी ब्रश लावला नव्हता. कप्पा सदा बंद, म्हणजे ना ऊन ना पाणी. कंपनीतून निघाला तसा रंग त्यांना तिथं मिळाला. त्यावरून त्यांनी दोन तुकडे केले, आणि राजमतीची वाट बघत दारात उभे राहिले.

आता गाडी प्रायमरवर उभी आहे. करडी, ना धड जुनी ना धड नवी. अण्णासोंनी दुसरं काम घेतलेलं नाही. वकील भला माणूस, पण त्यांनी तरी किती थांबायचं. उद्या ते गाडी ट्रकवर चढवून पुण्याला नेणार आहेत. तिथं म्हणे यंत्र आहे, रंगावर टेकवलं की त्यात काय काय आहे ते सांगतं. "मगदूम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," असंही वकील म्हणाले. गाडी गेली की गॅरेज शेजारच्या टायरवाल्याला द्यायचं, हे अण्णासोंनी मनात ठरवलेलं आहे. राजमतीचा हात लागायची राहिलेली ही एकच गाडी, तीही जाणार. मग कशाला उघडायचं?

दुपारी जेवून आल्यावर ते फडक्यानं गाडी पुसतात. शटर अर्धं ओढून घेतात. कप्प्याचं झाकण उद्या वकिलांबरोबर द्यायचं म्हणून हातात घेतात, आणि कुठं ठेवावं ते न सुचून मागच्या सीटवर जाऊन बसतात. झाकण मांडीवर. आत थंड आहे. थिनरचा आणि जुन्या रेक्झिनचा वास आहे. शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होतो, थांबतो, पुन्हा चालू होतो. तो तिसऱ्यांदा चालू होतो की नाही, हे अण्णासोंना कळत नाही.

पुढचं दार उघडतं. राजमती आत बसते. नेहमीसारखी थोडी तिरकी, पिशवी मांडीवर घेऊन. मागं वळत नाही.

"जेवलासा?"

"होय."

"काय?"

"भाकरी. कालचं पिठलं."

"कालचं कशाला खायचं?"

"उरलं होतं."

"उरणारच. अजून दोघांचं करताय."

ती गेलेली आहे हे अण्णासोंना माहीत आहे. त्याचं त्यांना काही वाटत नाही. ती बसली तरी सीट खाली दबली नाही, एवढं मात्र त्यांच्या लक्षात येतं, आणि त्यांना वाटतं, स्प्रिंग बघायला पाहिजे.

"गाडी चालू करा की," ती म्हणते.

"इंजिन उतरवलंय."

"मग मी कशानं आले?"

ती कशानं आली म्हणून ते पुढं वाकून बघतात, तर समोर काच नाही, स्टिअरिंग नाही. डॅशबोर्ड लांबत गेलेला आहे आणि त्याचा काउंटर झालेला आहे. काउंटरपलीकडं राजमती उभी आहे, मानेत टेप अडकवलेली. तिच्या पाठीमागं छतापर्यंत ब्लाऊजपीस रचलेले. पांढऱ्यापासून सुरू होऊन ते पार काळ्यापर्यंत जातात, आणि एकही घडी दुसरीसारखी नाही. ट्यूब भगभगतेय. काउंटरला बायकांची गर्दी आहे. अण्णासो सगळ्यांच्या मागं उभे आहेत, कमरेला रंगाचं फडकं, हातात ते दोन तुकडे. बायका त्यांच्याकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसतात.

पुढच्या बाईनं वर्तमानपत्रात काहीतरी मोठं गुंडाळून आणलंय. ती कागद सोडते. आत फियाटचं डावं दार आहे.

"ह्याला मॅचिंग द्या. उद्या लग्न आहे."

"कुठल्या गाडीचं?" राजमती विचारते.

"माहेरची आहे."

"बाहेर चला. उजेडात बघू."

"इथं दिसतंय की चांगलं."

"ट्यूबखाली सगळंच जुळतं, वहिनी. घरी गेल्यावर भांडायला माझ्याकडंच येशीला."

बाई दार काखेत मारून पायरी उतरते, आणि तिच्यामागून बाकीच्या बायकाही जातात. आता काउंटरला अण्णासो एकटेच आहेत. ते दोन तुकडे पुढं ठेवतात. राजमती टेपचं भेंडोळं करत बसते.

"नंबर घेतलाय काय?"

"चेष्टा नको. ह्यातला कुठला?"

"तुम्हाला कुठला वाटतो?"

"मला वाटून काय उपयोग? मला दोन्ही सारखे दिसतात. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी विचारलं."

"उद्या गाडी जाणार आहे, राजमती. वकील नेणार आहेत. एकावर बोट ठेव, मी आज रात्री गन मारतो. उद्या ते आले की गाडी तयार."

ती तुकडे हातात घेते. ट्यूबकडं पाठ करून, आपल्याच सावलीत धरून बघते. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून काउंटरवरून त्यांच्याकडं सरकवते. गिऱ्हाइकाला न पटलेला माल परत ठेवावा तशी.

"दोन्ही न्हाईत."

अण्णासोंना राग येतो. ती गेल्यापासून त्यांना राग आलेला नाही, तो आता येतो.

"न्हाईत कसे? एकात पिवळा कणभर जादा आहे, एकात कमी. दोन्हीतला एक असणारच. तू गेल्यापासून मी रोज हे घेऊन बसतोय. झोपताना उशाला घेतोय. आणि तू म्हणतीस न्हाईत."

"दोन्हीत जादाच आहे."

"कशावरून?"

"तुम्ही कशावरून मिसळला?"

"झाकणावरून. आतल्या अंगावरून. त्याला कधी ऊन लागलेलं नाही."

"तेच की."

ती काउंटरची फळी उचलून बाहेर येते आणि पायरी उतरते. अण्णासो मागं जातात. पायरीखाली हरभट रोड नाही. नांद्र्याच्या तिच्या माहेरचं माळवद आहे. पांढऱ्या मातीवर ऊन नुसतं सांडलंय. एका बाजूला मिरच्या वाळत घातल्यात, एका बाजूला तिची लग्नातली पत्र्याची पेटी उघडी पडलीय. ती पेटीच्या तळाशी हात घालून एक पांढरी साडी काढते. बारीक लाल काठाची.

"ओळखलासा काय?"

"नाही."

"कशी ओळखणार? कधी नेसलीच न्हाई. बस्तीत भगवंतांच्या पूजेला नेसायची म्हणून आईनं दिलेली. वाईट होईल म्हणून जपली. वर तीन पातळं, खाली वर्तमानपत्र, डांबरगोळ्या." ती घडी मोडते. घडीच्या आत कापड पिवळं पडलंय, पिकल्या पानासारखं. "ही बघा. जिला ऊन लागू दिलं न्हाई तीच पिवळी. आणि जी रोज नेसून दोरीवर वाळवली, ती विरली, पण पांढरी राहिली."

"ते कापड. हा पत्रा आहे."

"पत्र्याचं कोण बोलतंय? रंगाचं बोलते मी. रंगात तेल असतं न्हवं?"

अण्णासोंच्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघरातली भिंत येते. ऑइलपेंटची, पांढरी. वर्ष संपलं की कॅलेंडर काढायचं, आणि मागं पिवळा चौकोन. दर वर्षी बघितलाय. दर वर्षी त्यावर नवं कॅलेंडर लावलंय. अंधारात राहिलेला तेलाचा रंग पिवळा पडतो, हे त्यांना माहीत होतं. एवढं जपलेलं झाकण मिळालं म्हणून ते इतके खूश झाले की ते विसरले. झाकण वर्षानुवर्षं अंधारात होतं. त्यांनी मिसळला तो गाडीचा रंग नव्हता. गाडीचा रंग अधिक अंधार, असा तो होता.

"म्हणजे वकिलांची बहीण बरोबर," ते म्हणतात. "निळसर."

"दोघंही बरोबर. तिला उन्हातली आठवत असंल, वकिलांना गॅरेजातली."

"पुण्याचं यंत्र पण पिवळाच सांगणार."

"त्याच्यापुढं जे धराल ते सांगणार. त्याला काय ही नेसून बस्तीत जायचंय?"

अण्णासो हसतात. ती हसत नाही, पण साडी पुन्हा घडी घालताना तिची हनुवटी हलते.

"मग आता?"

"पेटीतली साडी पिवळी पडली की काय करायचं असतं?"

"मला काय ठाऊक."

"उन्हात टाकायची. रंग उलटा फिरतो. सगळा न्हाई, पण फिरतो. झाकण द्या."

झाकण त्यांच्याच हातात आहे. कधीपासून आहे ते सांगता येत नाही. ती ते घेते, आतलं अंग वर करून मिरच्यांच्या शेजारी ठेवते, आणि पदरानं कपाळ पुसते.

"किती दिवस?"

"मी रंगारी आहे काय? बघत बसायचं. फिरायचं थांबलं की तो खरा."

ते बघत बसतात. बसायला बाकडं आहे, सिमेंटचं, गार. जयसिंगपूरचा एसटी स्टँड आहे आणि माणूस एकही नाही. झाकण दोघांच्या मधे, उन्हात. लांब फलाटाला एक गाडी लागलीय, तिच्यावर गावाचं नाव लिहिलेलं नाही. राजमतीची पिशवी भरलेली आहे, वर बारशाच्या घुगऱ्यांची पुडी दिसतेय.

अण्णासोंना विचारायचं आहे ते त्यांनी कुणालाच विचारलेलं नाही. साडूंना नाही, डॉक्टरला नाही.

"दुखलं काय?"

"न्हाई. पाळण्याशी उभी होते. कानात कुर्र करायला आधी मला पुढं केलं, मोठी म्हणून. वाकले आणि मान अवघडल्यासारखी झाली. म्हटलं, जरा बसू या."

"मग?"

"मग तुम्ही सांगा. तुम्ही आलासा न्हवं नंतर."

"आलो. गाडीनं आलो."

"बाळाचं नाव काय ठेवलं? मला ऐकूच आलं न्हाई."

"सन्मती. भगवंतांचं नाव. पण त्या दिवशी नाही ठेवलं. पुढं महिन्यानं, घरातल्या घरात. मी गेलो नाही."

"जायला पाहिजे होतं."

"होय."

"सन्मती," ती म्हणते. जरा थांबून पुन्हा म्हणते, हाक मारून बघावी तसं. "बरंय. लांबून हाक मारायला चांगलंय."

लांबची गाडी चालू होते. कंडक्टर नाही, घंटी नाही, नुसता इंजिनाचा आवाज. अण्णासो कान देऊन ऐकतात आणि त्यांना वाटतं, हा एसटीचा आवाज नव्हे, हा कॉम्प्रेसर आहे. राजमती पिशवी उचलते.

"थांब. रंग फिरला की नाही ते बघून जा."

"अजून वेळ आहे त्याला."

"मी मिसळणार, आणि पुन्हा दोन तुकडे होणार. होतातच दोन. तेव्हा काय करू?"

"बाहेर न्या. उजेडात."

"नेईन. पुढं?"

ती झाकणावर बोट टेकवते आणि पटकन काढून घेते. "तापलंय," ती म्हणते. पदराचं टोक दोन्ही हातांत घेते, त्यात झाकण धरते आणि त्यांच्याकडं करते. "धरा. सांभाळून, भाजंल."

ते धरतात.

अण्णासो डोळे उघडतात. फियाटची मागची सीट. अर्धं ओढलेलं शटर. शेजारचा कॉम्प्रेसर बंद होतो. मांडीला चटका बसतोय म्हणून ते दचकून झाकण बाजूला सारतात, आणि हात पुन्हा मागं घेतात. झाकण तापलेलं आहे. उन्हात पडलेला पत्रा तापतो तसं.

ते ऊन शोधतात. गाडीत ऊन नाही. शटरखालून येणारा पट्टा चाकांपर्यंतही पोचलेला नाही. ते दाराच्या पत्र्याला हात लावतात, गार. डॅशबोर्डला लावतात, गार. सीटच्या ज्या रेक्झिनवर झाकण ठेवलं तेही गार, फक्त झाकणाखालचं तेवढं कोमट. कमरेचं फडकं काढून ते झाकण दोन्ही हातांत घेतात आणि तसेच बसून राहतात. ऊब हळूहळू कमी होत जाते. आधी कडा निवतात, मग मधला भाग. पार निवेपर्यंत ते हलत नाहीत.

रंग होता तसाच आहे. पिवळट हिरवा.

मग ते बाहेर येतात, शटर पुरं वर करतात आणि वकिलांना फोन लावतात.

"वकीलसाहेब, उद्या येऊ नका."

"का हो? रंग ठरला की काय?"

"नाही. माझे दोन्ही तुकडे चुकलेत, एवढं ठरलंय."

 "मगदूम, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. झाकण अंधारात राहून पिवळं पडलंय. ते उन्हात ठेवायला लागणार. पुण्याला नेलंत तर तिथलेही तसेच फसतील."

"किती दिवस म्हणता?"

"ते मला सांगता येणार नाही. बघत बसावं लागेल."

"बहिणीला काय सांगू? ती रोज विचारते."

"सांगा, तुम्ही दोघंही बरोबर निघायची शक्यता आहे."

वकील हसतात. "हे कोर्टात कधी झालं नाही," असं म्हणून फोन ठेवतात.

अण्णासो झाकणाच्या अर्ध्या भागावर कागदी पट्टी चिकटवतात, म्हणजे झाकलेलं आणि उघडं शेजारी शेजारी दिसेल. कुंपणाच्या भिंतीवर सावली येत नाही अशी जागा बघून झाकण ठेवतात आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून बाजूला विटेचा तुकडा लावतात. टायरवाला बाहेर येऊन बघतो.

"अण्णा, काय वाळत घातलंय?"

"रंग."

"रंग तर वाळलेलाच दिसतोय की."

"हं," अण्णासो म्हणतात, आणि स्टूल ओढून दारात बसतात.

गाडी प्रायमरवरच आहे. नवा रंग मिसळायचा राहिला आहे. तो मिसळला की त्याचे दोन तुकडे होतील, आणि त्यांतल्या कुठल्यावर बोट ठेवायचं, ते राहिलं आहे.